चित्रपुस्तक वाचून झाल्यावर वर्गात काय करावे?

पाटी_पेन्सिल, ४ जुलै

नमस्कार मंडळी. सावनेर तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत मी पहिली आणि दुसरीचे वर्ग एकत्र सांभाळते. दोन्ही मिळून २१ मुले आहेत. उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे आमचे वर्ष आत्ता कुठे मार्गी लागत आहे. वर्षभराचा विचार करायला हीच वेळ बरी, म्हणून हा धागा काढते आहे.

गेल्या वर्षी मी वर्गात २६ चित्रपुस्तके वाचली. प्रत्येक पुस्तकानंतर काहीतरी कृती घेतलीच पाहिजे, असे मी मनाशी ठरवले होते. आवडते पात्र काढा, पाच नवे शब्द लिहा, रिकाम्या जागा भरा, तात्पर्य सांगा, असे काही ना काही रोज चाले. फेब्रुवारीत एक दिवस मी नवे पुस्तक घेऊन बसले. मुखपृष्ठ अजून मुलांकडे वळवलेही नव्हते, तोच पुढे बसलेल्या मुलीने विचारले, "मॅडम, आज यात काय लिहा लागते?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिने पेन्सिल आधीच काढून ठेवली होती. पुस्तक म्हणजे लिहिण्याच्या कामाआधीचा सोपस्कार, ही समजूत तिला मीच करून दिली होती, आणि ते मला अजून टोचते.

आता माझे मत असे झाले आहे की कृती पुस्तकाच्या पोटातून निघत असेल तरच घ्यावी, नाहीतर पुस्तक वाचावे आणि मिटून ठेवावे. पण या मुलांना वाचता-लिहिता आणण्याची जबाबदारीही माझीच आहे. तुमच्या वर्गात कोणत्या कृतींमुळे मुले पुस्तकाकडे परत गेली आणि कोणत्या कृतींमुळे ती पुस्तकापासून दूर गेली, हे शक्य तर प्रसंगांसह सांगावे, ही विनंती.

निळी_शाई, ४ जुलै

मी दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा वाचते. एवढीच कृती. तिसऱ्या वाचनाला मुले माझ्याआधी वाक्य पुरे करतात आणि चौथ्या वेळी एखादे मूल पुस्तक मागून घेऊन इतरांना वाचून दाखवते. त्या वाचनात अर्धे पाठांतर असते, पण बोट ओळीखालून सरकत असते, म्हणून मी त्याला थांबवत नाही.

बाकड्यावरून, ५ जुलै

पाटी_पेन्सिल ताई, तुमची खंत समजते, तरीही मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. मी पूर्व नागपुरातील एका अनुदानित शाळेत तिसरीला शिकवतो. शिक्षण हक्क कायद्यात ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे. माझ्यासमोर ४२ मुले बसतात. चित्रपुस्तक हे मांडीवर बसलेल्या मुलाला दाखवण्याच्या मापाचे असते. सहाव्या बाकावरून त्यातले काहीही दिसत नाही. ज्या मुलाला चित्र दिसलेच नाही, त्याला पुस्तकात शिरायला कृती हा एकच दरवाजा उरतो. तो बंद करून मी पुस्तक मिटून ठेवले, तर पुढच्या दोन रांगांसाठी वाचन झाले आणि बाकीच्यांसाठी नुसता आवाज झाला, असे होईल.

दुसरे असे की निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, हे उद्दिष्ट समोर आहे. मला ते मनापासून पटते. चौथीत गेलेले मूल वाचता येत नसेल, तर त्यानंतर त्याच्याकडे कोण थांबून पाहणार?

माझ्यापुरता मार्ग मी असा काढला आहे. वर्गाचे दोन भाग करतो. एक भाग व्हरांड्यात पाठ्यपुस्तकातील काम करतो, दुसरा भाग बाके सरकवून जमिनीवर अर्धवर्तुळात बसतो. पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या उंचीला, बाजूला उघडे धरतो आणि मान वळवून वाचतो. प्रत्येक पान उलटण्याआधी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो. वेळ दुप्पट लागतो. पण चित्र सर्वांनी पाहिले, एवढी खात्री राहते. त्यानंतर मात्र मी शब्दांचे काम घेतोच.

चित्रकलेचा_तास, ५ जुलै

चित्राला आपण तक्ता समजतो, तिथे बिघडते, असे मला वाटते. चित्रांच्या आधाराने मुलांना शिकवण्याचा विचार फार जुना आहे. युरोपातील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने १६५८ मध्ये काढलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातील वस्तूंना आकडे दिले होते आणि शेजारी त्यांची लॅटिन व जर्मन नावे छापली होती. आपल्या भिंतींवरचे फळांचे, भाज्यांचे, वाहनांचे तक्ते त्याच घराण्यातले आहेत, आणि तक्ता म्हणून ते उपयोगीच आहेत. चित्रपुस्तकातील चित्र मात्र नाव सांगून संपत नाही, कारण मजकुराने न सांगितलेली गोष्ट त्यात चाललेली असते. मजकूर म्हणतो, घरात कोणीच नव्हते. आणि चित्रात पलंगाखालून एक शेपूट बाहेर आलेले असते. मुलांना ते शेपूट ताबडतोब दिसते. आपल्याला दिसत नाही, कारण आपले डोळे ओळीवर असतात.

"हे काय आहे?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मिळते आणि तिथेच बोलणे थांबते. अमेरिकेत ॲबिगेल हाउझेन आणि फिलिप येनावाईन यांनी संग्रहालयातील चित्रे पाहण्यासाठी तीन प्रश्नांची पद्धत बसवली आहे. या चित्रात काय चालले आहे, तुला असे कशावरून वाटते, आणि आणखी काय दिसते, एवढेच ते प्रश्न. मी त्यांपैकी मधल्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो, कारण शिक्षक गप्प राहिला नाही तर मूल पाहणे सोडून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागते.

मागच्या हिवाळ्यातला प्रसंग सांगतो. चित्रात एक अंगण होते. दुसरीतला मुलगा म्हणाला, ही संध्याकाळ आहे. कशावरून, असे विचारल्यावर तो म्हणाला की तुळशीपाशी दिवा लावलेला आहे. एका मुलीने लगेच हरकत घेतली की तिची आजी सकाळीही दिवा लावते, त्यामुळे दिव्यावरून काही ठरत नाही. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी खिडकीपाशी बसलेला एक मुलगा, जो एरवी तासभर तोंड उघडत नाही, उठून पुस्तकाजवळ आला आणि म्हणाला, "गायींचे तोंड गोठ्याकडे आहे." त्या तासाला कोणीही एक अक्षर लिहिले नाही. बाकड्यावरून सर, मी तो तास वाया गेला असे मानायला तयार नाही.

देवलापार_रस्ता, ६ जुलै

रामटेकच्या पुढे जंगलपट्टीत माझी शाळा आहे. निम्म्या मुलांच्या घरी गोंडी बोलतात आणि उरलेल्यांची मराठी पुस्तकातल्या मराठीपेक्षा बरीच वेगळी आहे. म्हणून पुस्तकाचा मजकूर आधी वाचायचा की चित्र आधी पाहायचे, हा आमच्याकडे फार महत्त्वाचा प्रश्न आहे.

बैलगाडीचे चित्र पाहून आमची मुले एका सुरात "बंडी" म्हणतात. माझ्याआधीचे शिक्षक पश्चिम महाराष्ट्रातून आले होते. त्यांच्याकडे बंडी अंगात घालतात, त्यामुळे त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाला चूक ठरवले होते. बाजाराच्या चित्रात टोमॅटोला मुलांनी भेदरे म्हटले, घरावरच्या कौलांना कवेलू म्हटले आणि कोथिंबिरीच्या जुडीला सांबार म्हटले. त्याच पुस्तकात पुढे जंगलाचे पान होते आणि त्यात शिंगांचा सांबर उभा होता. भाजीतला सांबार आणि पेंचच्या जंगलातला सांबर यांच्या नावांत एका कान्याचा फरक आहे, हे फळ्यावर पाहिल्यावर वर्गाला जो आनंद झाला, तो काना शिकवण्याच्या माझ्या कोणत्याही पाठाला झाला नव्हता.

मी जी कृती करतो ती सांगतो. पहिल्या दिवशी मजकुरावर कागदाची पट्टी लावतो आणि पुस्तक बिनशब्दांचे करून टाकतो. मुले चित्रांवरून गोष्ट सांगतात. चौथीतल्या दोन मुली लहानांचे गोंडी बोलणे मला मराठीत सांगतात, आणि प्रत्येक पानासाठी एक वाक्य मुलांच्याच शब्दांत मी मोठ्या कागदावर लिहून घेतो. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढतो आणि लेखकाचे वाक्य वाचतो. मग दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून मुले बोलतात. आपण सांगितलेले कोणते लेखकाने सांगितले नाही, लेखकाला कोणते माहीत होते जे चित्रातून कळलेच नसते, कोणाचे वाक्य जास्त चांगले आहे. पुष्कळदा ती लेखकाच्या वाक्याला कौल देतात, कधीकधी स्वतःच्या. लिहिणे, वाचणे, शब्द, व्याकरण, सगळे यातून निघते आणि मूल दर वाक्याला पुन्हा चित्राकडे जाते.

बाकड्यावरून, ६ जुलै

देवलापार_रस्ता सर, पट्टीची कल्पना उत्तम आहे आणि मी ती घेणार आहे. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. शिक्षकाने स्वतःच्या अक्षरात "बंडी" आणि "सांबार" लिहिले, की मुलाच्या लेखी ते शब्द पक्के होतात. उद्या परीक्षेत त्याने "सांबार" लिहिले आणि तपासणाऱ्याने गुण कापला, तर त्या मुलाला आपण काय सांगणार?

महालातली_आजी, ६ जुलै

मी शिक्षिका नाही. जवळच्या एका शाळेत दर शनिवारी गोष्टी वाचायला जाते. सांबार हा शब्द मी सत्तर वर्षे बोलते आहे आणि कोथिंबीर हा शब्दही मला येतो. एकामुळे दुसरा कधी पुसला गेला नाही.

निवृत्त_केंद्रप्रमुख, ७ जुलै

आजींच्या उत्तरात सगळे आले. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत आणि कोणता कुठे वापरतात ते सांगावे, म्हणजे परीक्षेची शंकाही उरत नाही.

मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत. पहिली मूळ प्रश्नाविषयी. शाळाभेटीत मी अनेक वर्षे मुलांच्या वह्या मागत असे. वही भरलेली दिसली की वाचन झाले, असे मी धरत होतो, आणि शिक्षकांनाही ते ठाऊक होते. पाटी_पेन्सिल ताईंच्या वर्गातल्या त्या पेन्सिलीला माझ्यासारख्यांचीही सवय कारणीभूत आहे, हे मला इथे लिहिले पाहिजे. नोंद हवीच असेल तर शिक्षकाने एक वही स्वतःपाशी ठेवावी आणि प्रत्येक पुस्तकाला एक पान द्यावे: कोणत्या दिवशी वाचले, मुले कोणत्या पानावर थांबली, कोणत्या मुलाने काय विचारले. कोणी तपासायला आले तर हे पान दाखवावे. मी सेवेत असताना एका शिक्षिकेने मला असे पान दाखवले होते, आणि तिच्या वर्गातल्या मुलांविषयी त्या एका पानातून मला जे कळले, ते वह्यांच्या गठ्ठ्यातून कधी कळले नव्हते.

दुसरी गोष्ट पुस्तकांच्या खरेदीविषयी, कारण चर्चा बहुतेक वेळा तिथेच अडते. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ही रक्कम पाहून शाळा पन्नास वेगवेगळी पुस्तके घेतात आणि ती कपाटात बंद होतात. त्याऐवजी मोजकी सात-आठ पुस्तके निवडावीत आणि प्रत्येकाच्या चार-पाच प्रती घ्याव्यात, म्हणजे आठ-दहा मुलांच्या गटाला एक प्रत मिळते आणि ४२ मुलांच्या वर्गातही चित्र हाताशी येते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके मराठीत आहेत आणि स्वस्त आहेत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तके आहेत; भोपाळच्या एकलव्यची आणि चेन्नईच्या तूलिकाची पुस्तकेही पाहावीत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरील पुस्तके खुल्या परवान्याची आहेत, म्हणजे श्रेयनाम देऊन ती छापता, भाषांतरित करता आणि बदलताही येतात. मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावायला किंवा त्यात आपल्या गावचा शब्द घालायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. देवलापार_रस्ता सरांसाठी मुद्दाम सांगतो की तिथे गोंडीतही पुस्तके आहेत.

मोजपट्टी, ९ जुलै

गणितासाठी चित्रपुस्तक वापरताना मी एकच पथ्य पाळते: आकडा चित्राने मागितला पाहिजे. बाजाराचे चित्र दाखवून "संत्री मोजा" म्हटले, तर ते काम तक्त्यावरही झाले असते. पण आमच्याकडे बसचे एक पुस्तक आहे. एका पानावर खिडक्यांत सात प्रवासी दिसतात, पुढच्या पानावर पाच, आणि उतरण्याविषयी मजकुरात एक शब्दही नाही. पहिलीच्या मुलांनी हे स्वतःच शोधले आणि कोण उतरले याचा तपास सुरू केला. हिरव्या छत्रीच्या बाई दिसत नाहीत, टोपीवाले आजोबा दिसत नाहीत. सातातून दोन गेले हे त्यांना मी सांगितले नाही. उलट एक मुलगा म्हणाला की एक चढलाही असेल आणि तीन उतरले असतील, म्हणून त्याने पान मागे-पुढे करून एकेक चेहरा जुळवला. त्या पुस्तकाचे ते पान आता कोपऱ्यातून फाटले आहे.

सुईदोरा, १२ जुलै

मी पालक म्हणून लिहिते आहे. माझ्या मुलाला फार कमी दिसते. वर्गात चित्रपुस्तकाचा तास सुरू झाला की पूर्वी त्याला बाजूला बसवून मातीकाम देत असत. गेल्या वर्षी त्याच्या बाईंनी मला बोलावून एका पुस्तकाची पाने दाखवली आणि त्यांवर चिकटवता येईल असे काही आणायला सांगितले. मी झाडाच्या खोडासाठी गोणपाट, मांजरीसाठी जुन्या स्वेटरचा तुकडा आणि नदीसाठी सॅटिनची फीत नेली. घराच्या कवेलूंसाठी पन्हाळी पुठ्ठा आम्ही दोघींनी मिळून कापला. त्यानंतरच्या तासाला बाकीची मुले डोळे मिटून त्याच्याजवळ बसली आणि पाने चाचपू लागली. मांजर कोणत्या पानावर कुठे दडली आहे, हे त्याला सगळ्यांच्या आधी सापडते. चित्र पाहण्याविषयी इथे इतके चांगले लिहिले जात आहे, म्हणून स्पर्शाचीही आठवण करून द्यावीशी वाटली.

चित्रकलेचा_तास, १२ जुलै

सुईदोरा ताई, हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आपल्या पुस्तकाचे फोटो देता आले तर जरूर द्यावेत. मला माझ्या वर्गासाठी तसे पुस्तक करायचे आहे.

निळी_शाई, १३ जुलै

मुलांकडून स्वतःचे पुस्तक करून घेण्याविषयी कोणी लिहिले नाही. एकच साधा कागद तीन घड्या घालून आठ भागांत विभागावा, उलगडून आडवा अर्ध्यात दुमडावा, घडीच्या बाजूने मधोमध फक्त अर्ध्यापर्यंत कात्री चालवावी आणि पुन्हा उभा जुळवावा. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ धरून आठ पानांचे पुस्तक होते. डिंक लागत नाही, टाचणी लागत नाही. एक काळजी मात्र घ्यावी: "आता तुम्ही असेच पुस्तक करा" असे म्हणू नये. पूर्वी मी तसे म्हणत असे, आणि मला एकाच गोष्टीच्या तीस नकला मिळत असत. आता कोरी पुस्तके डब्यात ठेवते; ज्याला हवे तो घेतो. काहींनी वर्षभरात एकही घेतले नाही, एका मुलीने चौदा केली.

बाकड्यावरून, २ ऑगस्ट

पट्टीचा प्रयोग ४२ मुलांवर करून पाहिला, म्हणून कळवतो. एका पुस्तकाच्या पाच प्रती मिळवल्या, सात गटांपैकी दोन गटांना झेरॉक्स द्यावी लागली. झेरॉक्सवाल्या गटांचे बोलणे लवकर आटोपले. रंग गेल्यावर रात्र आणि ढगाळ दिवस यांत फरकच उरत नव्हता, हे माझ्या लक्षात आधीच यायला हवे होते. उरलेल्या पाच गटांनी मात्र मला दोन तास दुसरे काही करू दिले नाही. पाच नवे शब्द लिहून घेण्याची माझी कृती मी त्या दिवशी घेतली नाही. वाक्ये जुळवताना मुलांनी स्वतःहून विचारलेले शब्द नऊ निघाले. ताई, तुमच्या पहिल्या पोस्टवर घेतलेला माझा अर्धा आक्षेप मी मागे घेतो. उरलेला अर्धा, म्हणजे दिसण्याचा आणि पटसंख्येचा, कायम आहे.

पाटी_पेन्सिल, २६ ऑगस्ट

उशिरा परत आले, क्षमस्व. तुम्हा सर्वांचे वाचत होते आणि वर्गात करत होते.

यंदा आठवड्याला एकच पुस्तक घेते. सोमवारी पट्टी लावून, मंगळवारी पट्टी काढून, बुधवारी निळी_शाई ताईंप्रमाणे नुसते पुन्हा वाचन. पुढे काही करायचे की नाही, हे मुले कुठे अडतात त्यावरून ठरते. गेल्या सात आठवड्यांत चार पुस्तकांनंतर काहीही केले नाही.

पोळ्याच्या आठवड्यात मुद्दाम बैलजोडीचे पुस्तक घेतले. एक बैल पांढरा, दुसरा ठिपक्यांचा. बंडी बाजाराला जाते आणि परत येते, एवढीच गोष्ट. बुधवारी दुसरीतल्या एका मुलाने पान थांबवले. जाताना ठिपक्यांचा बैल चित्रात डावीकडे होता आणि येताना उजवीकडे. चित्रकार चुकला, असा वर्गाचा निकाल झाला. जुवाला बैलांची जागा ठरलेली असते आणि ती कोणी बदलत नाही, हे आमच्या मुलांना घरूनच माहीत आहे, त्यामुळे ती चूक त्यांना फार मोठी वाटत होती. मीही त्यांच्याशी सहमत झाले होते.

तान्हा पोळा, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांचा पोळा, झाल्यावर सोमवारी चार मुले आपले लाकडी बैल शाळेत घेऊन आली. त्यांनी दोन बैल शेजारी उभे केले, एकाला खडूने ठिपके काढले, मागे खोक्याची बंडी लावली आणि पुस्तक समोर उघडून ठेवले. बराच वेळ काही जुळेना. मग फेब्रुवारीत मला तो प्रश्न विचारणारी मुलगी, जी आता दुसरीत आहे, उठून बैलांच्या मागे जाऊन बसली आणि ओरडली की इथून बरोबर दिसते. जातानाची बंडी चित्रकाराने समोरून काढली होती आणि येतानाची पाठीमागून. एकेक जण समोरून मागे जाऊन पाहत होता आणि धावत पुस्तकाकडे येत होता. मीही जाऊन बसले. डावे-उजवे बदलले होते, बैल आपापल्या जागीच होते.

देवलापार_रस्ता, २६ ऑगस्ट

ताई, हे पुस्तक कोणते, ते कृपया कळवा. आमच्याकडेही सगळ्या मुलांचे लाकडी बैल अजून हाताशी आहेत. आणि पट्ट्या कशाने लावता? माझ्या चिकटपट्टीने दोन पानांची शाई उचलली.

पाटी_पेन्सिल, २७ ऑगस्ट

पुस्तकाचे नाव आणि प्रकाशक तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते. चिकटपट्टी लावू नका. जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाची पट्टी पानाच्या रुंदीपेक्षा चार बोटे लांब कापावी, दोन्ही टोके पानामागे दुमडावीत आणि वर एकेक साधी क्लिप लावावी. पान उलटतानाही ती निघत नाही.